पॅट्रिक ब्राँटे : मुलांच्या हातीं लेखणी देणारा पाळक

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घरीं असें दिसून येतें कीं, मूल अभ्यास बाजूस ठेवून वहीच्या मागल्या पानावर आपल्या मनाची एखादी गोष्ट किंवा कवन लिहूं लागलें, कीं वडील माणसें त्यास रागें भरतात. वही फुकट गेली, वेळ वायां गेला, असें त्यांस वाटतें. आईबापांचा हेतु वाईट नसतो. मुलानें शिकून चार पैसे मिळवावे, एवढीच त्यांची इच्छा असते. परंतु ज्या पाळकाचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, त्यानें आपल्या घरीं निराळी रीत ठेविली होती. तो श्रीमंत नव्हता, त्याचा गांव लहान होता, आणि त्याच्या घरावर एकामागून एक दुःखें कोसळलीं. तरी त्याच्या घरांतील मुलें लिहिण्यांत जितकीं रमलीं तितकीं फार थोड्या घरचीं रमलीं असतील.

इ. स. १७७७ च्या मार्च महिन्याच्या १७ व्या तारखेस, आयर्लंड देशाच्या डाऊन परगण्यांतील एम्डेल नांवाच्या खेड्यांत पॅट्रिकचा जन्म झाला. बाप शेतावर मजुरी करी. घर अवघें दोन खोल्यांचें होतें. दहा भावंडांत पॅट्रिक सर्वांत वडील. लहानपणीं तो लोहाराच्या हाताखालीं राहिला आणि मागावरही बसला, असें सांगतात. मिळेल तें पुस्तक वाचावयाचें, हा त्याचा नाद होता. सोळा वर्षांचा झाला नाहीं तोंच त्यानें खेड्यांतील मुलांसाठीं शाळा घातली. पुढें टाय नांवाच्या एका पाळकानें त्याची हुशारी ओळखून त्यास आपल्या मुलांचा शिक्षक नेमिलें. त्याच्या साहाय्यानें १८०२ सालीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, पॅट्रिक इंग्लंडांत केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजांत दाखल झाला. गरीब विद्यार्थ्यांस तेथें फीमध्यें सूट मिळत असे. शिवाय तो दुसऱ्यांस शिकवून खर्च भागवी. घराण्याचें नांव तोंवर ब्रंटी असें म्हणत. तें त्यानें येथें ब्राँटे असें लिहिण्यास आरंभ केला.

१८०६ सालीं पदवी घेऊन तो धर्मसेवेंत शिरला, आणि अनेक खेड्यांत सहायक पाळक म्हणून काम करूं लागला. १८११ सालीं त्यानें झोपडींत राहणाऱ्या गरीब लोकांकरितां सोप्या भाषेंत रचलेल्या कवितांचें एक लहान पुस्तक छापिलें. त्या पुस्तकाच्या आरंभीं त्यानें आपला अनुभव सांगितला आहे. मंडळीचें काम आटोपलें म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंत आणि दुपारपासून रात्रीपर्यंत तो लिहीत बसे, आणि त्यांत त्यास असा आनंद होई कीं, जन्मभर तो चाखावयास मिळावा असें त्यास वाटे. त्याच्या कविता फारशा उंच प्रतीच्या नव्हत्या आणि त्यांचें नांवही झालें नाहीं. पण बाप लिहितो, आणि लिहितांना तो सुखी असतो, ही गोष्ट पुढें त्याच्या मुलांनीं जन्मापासून ऐकिली. घरच्या कपाटांत बापाचें नांव छापलेलीं पुस्तकें होतीं. त्यामुळें पुस्तक हें आपल्यासारख्या माणसाच्या हातूनच होतें, हें त्यांस कोणी निराळें शिकविण्याची गरज पडली नाहीं.

१८१२ च्या डिसेंबरांत पॅट्रिकचें लग्न मारिया ब्रॅनवेल हिच्याशीं झालें. त्यांस सहा मुलें झालीं : मारिया, एलिझाबेथ, शार्लट, मुलगा ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन. १८२० सालीं यॉर्कशायर प्रांतांतील हॉवर्थ ह्या गांवीं त्याची नेमणूक झाली, आणि पुढें मरेपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षें, तो तेथेंच राहिला. हॉवर्थ हा डोंगराच्या चढावर वसलेला, लोंकरीच्या धंद्यावर पोट भरणारा गांव होता. पाळकाच्या घरापुढें प्रार्थनामंदिर व थडग्यांनीं भरलेलें आवार, आणि मागें दूरवर पसरलेला ओसाड माळ. पिण्याचें पाणी वाईट, गटारें उघडीं, आणि रोगराई नित्याची. येऊन पुरतें दीड वर्ष होतें न होतें तोंच, १८२१ च्या सप्टेंबरांत, सात महिने अंथरुणास खिळलेली मारियाबाई मरण पावली. धाकटी ॲन तेव्हां दोन वर्षांचीही नव्हती. बाईची थोरली बहीण एलिझाबेथ ही घर सांभाळावयास आली आणि ह्या पोरक्या मुलांची आई होऊन तेथेंच राहिली.

पॅट्रिकचा पगार बेताचा होता, पण घरांत जीं पुस्तकें होतीं तीं मुलांपासून कुलपांत ठेवावयाचीं नाहींत, असा त्याचा नेम होता. पवित्र शास्त्र, यात्रेकरूचा क्रम, मिल्टनचें काव्य, इसापाच्या गोष्टी, अरबी सुरस गोष्टी, भूगोल, पक्ष्यांच्या चित्रांचें पुस्तक, हें सर्व मुलांच्या हातीं पडे. आठवड्यास दोन वर्तमानपत्रें घरीं येत आणि तिसरें शेजाऱ्याकडून वाचावयास मिळे. बाप त्यांतील बातम्या मुलांस सांगे, राज्यकारभाराचे वादविवाद समजावून देई, आणि त्यांचें मत विचारी. मुलें लहान आहेत, त्यांस काय कळतें, असें तो मानीत नसे. दुपारीं मुलें माळावर मोकळीं हिंडत.

एकदां त्याच्या मनांत आलें कीं, मुलें समोर बोलतात त्याहून मनांत अधिक जाणत असावीं. घरांत एक मुखवटा होता. त्यानें एकेका मुलास तो तोंडावर धरून उभें राहावयास सांगितलें, म्हणजे भीड न वाटतां तें मनांतलें बोलेल. मग त्यानें प्रत्येकास प्रश्न केला. चार वर्षांच्या ॲननें सांगितलें कीं, आपल्यासारख्या मुलास वय आणि अनुभव हवा. शार्लटनें उत्तम पुस्तक पवित्र शास्त्र, आणि त्याच्या खालोखाल सृष्टीचें पुस्तक, असें उत्तर दिलें. सर्वांत वडील मारिया म्हणाली कीं, सार्वकालिक सुखाची तयारी करण्यांत वेळ घालवावा. हीं उत्तरें बापास इतकीं लागलीं कीं म्हातारपणींही तो तीं विसरला नव्हता.

परंतु पुढें जें झालें तें त्यास जन्मभर सलत राहिलें असेल. गरीब पाळकांच्या मुलींसाठीं कोवन ब्रिज येथें थोड्या फीची एक शाळा निघाली होती. मुलींस शिक्षण मिळावें म्हणून १८२४ सालीं त्यानें चार मुली तेथें पाठविल्या. अन्न खराब, थंडी कडक, आणि रोगाची सांथ. मारियेस क्षय झाला. ती घरीं येऊन १८२५ च्या मे महिन्यांत मरण पावली. सहा आठवडे लोटले नाहींत तों एलिझाबेथही गेली. पॅट्रिक स्वतः जाऊन शार्लट व एमिली ह्यांस घरीं घेऊन आला. आतां चार मुलें उरलीं. तीं पुष्कळ वर्षें घरींच शिकलीं.

ह्याच घरांत, ह्याच दुःखाच्या पुढल्या वर्षीं, ती लहानशी गोष्ट घडली जिच्यामुळें हें चरित्र आम्ही लिहावयास घेतलें. १८२६ च्या जून महिन्यांत पॅट्रिक कामानिमित्त लीड्स शहरीं गेला होता. परत येतांना ब्रॅनवेलसाठीं त्यानें लांकडी शिपायांची एक पेटी आणिली. तो आला तेव्हां रात्र झाली होती आणि मुलें निजलीं होतीं. सकाळीं ब्रॅनवेल पेटी घेऊन बहिणींच्या दाराशीं धांवला. शार्लट तेव्हां दहा वर्षांची, ब्रॅनवेल नवव्या वर्षांत, एमिली आठव्यांत आणि ॲन सातव्यांत. शार्लटनें उडी मारून एक शिपाई उचलला आणि त्यास त्या काळच्या प्रसिद्ध सेनापतीचें, वेलिंग्टनचें, नांव दिलें. ब्रॅनवेलनें आपल्या शिपायास बोनापार्ट म्हटलें. धाकट्या दोघींनींही एकेक घेऊन त्यांचें बारसें केलें.

दुसऱ्या घरीं चार दिवसांत ते शिपाई मोडले असते आणि गोष्ट संपली असती. येथें मुलांनीं त्या शिपायांस जहाजांत बसवून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेलें, तेथें त्यांच्याकडून एक काचेचें नगर वसविलें, त्यास राजे, कवि, छापखाने, लढाया व भांडणें दिलीं. आणि नगर झालें म्हणजे तेथील लोकांस वाचावयास पुस्तकें नकोत काय? तेव्हां मुलांनीं पुस्तकें केलीं. शिपाई बोटाएवढे, म्हणून पुस्तकेंही त्यांच्या मापाचीं. कित्येक तर दोन इंच लांब आणि दीड इंच रुंद. कागद महाग असे. म्हणून साखरेच्या पुड्यांचे कागद, भिंतीस चिकटविण्याच्या कागदाचे तुकडे, जें हातीं लागेल तें घेऊन, दोऱ्यानें शिवून, त्यांनीं तीं बांधिलीं. अक्षर छापल्यासारखें दिसावें म्हणून इतकें बारीक काढिलें कीं मोठ्या माणसास तें भिंगावांचून वाचतां येऊं नये. घरीं येणाऱ्या एका मासिकाच्या धर्तीवर १८२९ सालीं ब्रॅनवेलनें आपल्या शिपायांचें मासिक सुरू केलें. पुढें तें शार्लटनें चालविलें. त्यांत गोष्टी, कविता आणि जाहिराती असत. १८३० च्या ऑगस्टांत शार्लटनें आपल्या लिखाणांची यादी केली. सव्वा वर्षांत तिचीं बावीस पुस्तकें झालीं होतीं. तेव्हां ती चौदा वर्षांची होती.

हें सर्व खेळच होतें काय? शार्लटचें एक जुनें पान राहिलें आहे, तें पाहिलें म्हणजे ह्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. १८२९ च्या मार्चाच्या १२ व्या तारखेस, तेरा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं, तिनें त्या वर्षाची हकीकत लिहावयास घेतली. आरंभीं तिनें भूगोलाच्या एका जुन्या पुस्तकाचा उल्लेख केला. बापानें तें एकदां मारियेस वाचावयास दिलें होतें, आणि तिनें त्याच्या कोऱ्या पानावर तशी नोंद केली होती. तें पुस्तक आतां आपल्यापुढें आहे, असें शार्लट लिहिते. मारियेस जाऊन तेव्हां चार वर्षें होत आलीं होतीं. पुढें लगेच स्वयंपाकघरांत कोण काय करीत आहे, कोणतीं वर्तमानपत्रें घरीं येतात, शिपायांचा खेळ कसा सुरू झाला, हें ती सांगते. मेलेल्या बहिणीविषयीं रडण्याची एक ओळ नाहीं. पण जें मूल आपलें दुःख बोलून दाखवूं शकलें नाहीं, त्यास कागदावर तें ठेवावयास जागा मिळाली. असें लिहिणें वायां गेलें असें कोण म्हणेल?

बापानें ह्यांत काय केलें, असें विचारल्यास उत्तर थोडक्यांत आहे. त्यानें पुस्तकें दिलीं, बातम्या दिल्या, शिपाई आणून दिले, आणि मग तो बाजूस राहिला. मुलांचें लिखाण त्यानें ओढून घेऊन तपासलें नाहीं, त्यावर गुण दिले नाहींत, पाहुण्यांपुढें तें वाचून दाखवावयास लाविलें नाहीं. बारीक अक्षर त्याच्या अधू डोळ्यांस दिसतही नसे. १८३३ सालीं त्यानें शार्लटला एक कोरी वही दिली आणि तिच्यावर आपल्या हातानें एवढीच अट घातली कीं, हींत जें लिहावयाचें तें चांगल्या, स्वच्छ व वाचतां येईल अशा अक्षरांत लिहावें. काय लिहावें ह्याविषयीं त्यानें एक शब्दही घातला नाहीं. त्याच काळांत त्यानें गांवांतील गिरणींत व मागावर राबणाऱ्या मुलांसाठींही १८३२ सालीं शाब्बाथशाळेची इमारत उभी केली, कारण वाचतां येणें हें गरिबाचें धन आहे हें तो स्वतःवरून जाणत होता.

त्याच्या हातून चुका झाल्या नाहींत असें नव्हे. आपलें नांव काढील तर मुलगाच काढील, असें त्यास वाटे. ब्रॅनवेलला त्यानें स्वतः लॅटिन व ग्रीक शिकविलें, चित्रकलेचा शिक्षक ठेविला. मुलगा हुशार होता. त्याच्या कविता बहिणींच्या आधीं वर्तमानपत्रांत छापून आल्या. पण एकही नोकरी त्याच्यानें टिकविली गेली नाहीं, आणि शेवटीं तो दारू व अफू ह्यांच्या आहारीं गेला. म्हातारा बाप रात्रीं त्याच्याच खोलींत निजे, न जाणों तो कांहीं अनर्थ करील. लेखणी मनुष्यास आनंद देते. पण व्यसनांतून ती आपोआप सोडवील असा भरंवसा कोणीं धरूं नये.

मुलींस त्यानें घरकाम आधीं, असेंच सांगितलें होतें. जगही तेंच सांगत होतें. शार्लटनें वीस वर्षांची असतां आपल्या कविता त्या काळच्या राजकवीस, सदे साहेबांस, पाठविल्या. १८३७ सालीं त्यांचें उत्तर आलें कीं, वाङ्मय हा स्त्रियेच्या आयुष्याचा व्यवसाय होऊं शकत नाहीं. तिनें तें पत्र जपून ठेविलें, शिवणटिपण केलें, दुसऱ्यांच्या घरीं मुलांस शिकविण्याची चाकरी केली, आणि लिहिणेंही सोडलें नाहीं. मुलींची लेखणी बापानें मात्र कधीं काढून घेतली नाहीं. रात्रीं वडील निजावयास गेले म्हणजे तिघी बहिणी जेवणाच्या टेबलाभोंवतीं फेऱ्या घालीत एकमेकींस आपलें लिखाण सांगत.

१८४६ सालीं मावशीनें मागें ठेविलेल्या पैशांतून त्या तिघींनीं आपल्या कविता पुरुषी वाटतील अशा टोपणनांवांनीं छापविल्या. पहिल्या वर्षांत दोन प्रती विकल्या गेल्या. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत पॅट्रिकच्या डोळ्यांतील मोतीबिंदू काढावयास शार्लट त्यास मँचेस्टर शहरीं घेऊन गेली. गुंगीचें औषध देण्याची चाल तेव्हां पडली नव्हती. एकोणसत्तर वर्षांचा म्हातारा न हलतां पडून राहिला. त्याच दिवशीं शार्लटची एक कादंबरी छापखानेवाल्याकडून नाकारून परत आली. बाप अंधाऱ्या खोलींत डोळे बांधून पडला असतां तिनें तेथेंच दुसरी लिहावयास घेतली. ती ‘जेन एअर’. १८४७ च्या ऑक्टोबरांत ती छापली गेली आणि सर्व देशांत तिचा बोलबाला झाला. त्याच डिसेंबरांत एमिली व ॲन ह्यांच्याही कादंबऱ्या निघाल्या.

बापास ह्यांतील कांहीं ठाऊक नव्हतें. शेवटीं शार्लट पुस्तक व त्यावरील अभिप्राय घेऊन त्याच्या खोलींत गेली आणि आपण एक पुस्तक लिहिलें असल्याचें तिनें सांगितलें. हस्तलिखित वाचून डोळ्यांस त्रास होईल, अशी त्यास प्रथम भीति वाटली; तें छापलें आहे असें कळतांच खर्चाची काळजी लागली. मग ती पुस्तक ठेवून निघून गेली. संध्याकाळीं चहाच्या वेळीं बाहेर येऊन त्यानें मुलींस सांगितलें कीं, शार्लटनें पुस्तक लिहिलें आहे आणि तें अपेक्षेपेक्षां पुष्कळ चांगलें आहे.

हा आनंद फार दिवस टिकला नाहीं. १८४८ च्या सप्टेंबरांत ब्रॅनवेल मेला. डिसेंबरांत एमिली आणि १८४९ च्या मे महिन्यांत ॲन, दोघी क्षयानें गेल्या. त्या दुःखांतही पॅट्रिकनें गांवाच्या पाण्यासाठीं सरकारकडे अर्ज करणें सोडलें नाहीं. १८५० सालीं तपासणी झाली, तेव्हां हॉवर्थमध्यें मरणाऱ्यांचें सरासरी वय पंचवीस वर्षांच्या थोडें वर असून, शेंकडा चाळिसांवर मुलें सहा वर्षांचीं होण्यापूर्वींच मरतात, असें आढळलें. शार्लटच्या लग्नास त्यानें आरंभीं मोठा विरोध केला. पुढें संमति दिली, आणि १८५४ सालीं तिचें लग्न त्याच्याच सहायक पाळकाशीं झालें. नऊ महिन्यांनीं, १८५५ च्या मार्चांत, तीही मरण पावली. सहाही मुलांस मूठमाती देऊन बाप मागें राहिला. त्याच्याच विनंतीवरून गॅस्केलबाईंनीं शार्लटचें चरित्र लिहिलें. तें १८५७ सालीं निघालें. त्यांत त्याच्याविषयीं कांहीं चुकीच्या गोष्टी आल्या असतांही त्यानें त्या बाईंवर राग धरिला नाहीं. १८६१ च्या जून महिन्याच्या ७ व्या तारखेस, चौऱ्यायशीं वर्षांचा होऊन, तो प्रभूमध्यें झोंपी गेला.

पाळकाच्या त्या घरीं आतां संग्रहालय आहे. शार्लटनें तेराव्या वर्षीं शिवलेलें, दहा कवितांचें, पत्त्याहूनही लहान असें एक पुस्तक पुष्कळ वर्षें हरवलें होतें. तें २०२२ सालीं साडेबारा लाख डॉलरांस विकत घेऊन त्या संग्रहालयास देण्यांत आलें. बापानें पैशाच्या आशेनें मुलांस लिहूं दिलें नव्हतें, आणि त्या बापास त्यांतून पैसाही मिळाला नाहीं. पण आज जगांत त्याच्या मुलींचें नांव आहे तें त्या कागदाच्या तुकड्यांमुळें आहे.

प्रिय उपदेशक बंधूंनो आणि आईबापांनो, आपलीं सर्व मुलें ग्रंथकार होणार नाहींत, आणि व्हावींत असेंही नाहीं. परंतु आपल्या घरीं जात्यावर आजीनें ओंव्या रचिल्या त्या कोणाच्या सांगण्यावरून रचिल्या नव्हत्या. तसेंच मुलाच्या मनांत जें उठतें त्यास वाट हवी असते. एक कोरी वही, एखादें चांगलें पुस्तक, आठवड्याचें वर्तमानपत्र, आणि जेवतांना दोन प्रश्न, एवढें गरिबाच्या घरींही होण्यासारखें आहे. शाब्बाथशाळेंत गोष्ट सांगून झाल्यावर ती मुलांस आपल्या शब्दांत लिहूं द्यावी. नवी गोष्ट रचली तर ती आनंदानें ऐकावी. चुका त्याच क्षणीं मोजूं नयेत. अक्षर मात्र स्वच्छ असावें, ही पॅट्रिकची अट आपणही ठेवावी. आणि मुलगा व मुलगी ह्यांत भेद करूं नये. कारण ज्याच्यावर त्या बापानें आशा ठेविली होती तो वाटेंतच खचला, आणि ज्यांच्याकडे त्याचें तितकें लक्ष नव्हतें त्यांनींच त्याच्या घराचें नांव राखलें.